कधीपासून

डॉक्टरनं विचारलं, कधीपासून?
मोठीमाय म्हणाली, तान्ह्या पोळ्यापासून.
मी म्हटलं, त्याच्याही आधी,
बोडीच्या पाळीवर चालता चालता
मोठेबाबा खांब होऊन उभे राहिले होते,
खांद्यावर ओलं जाळं.
तेव्हा वाटलं, पाणी पाहत असतील.

लाखोळीची डाळ किती खाल्ली?
सगळ्यांनीच खाल्ली, साहेब. सगळे चालतात.

साकोलीत म्हणाले, शीर दबली.
भंडाऱ्यात म्हणाले, वय झालं.
नागपूरच्या मेडिकलात त्यांना
नळकांड्यात सरकवलं, पाऊण तास.
मी बाहेर, त्यांचा चांदीचा करदोडा मुठीत धरून.

तिथल्या पोरीनं विचारलं, आज वार कोणता?
"लाखनीच्या बाजाराचा."
तिनं फुली मारली.
बाजारच होता त्या दिवशी. मी बोललो नाही.

कागदावर दसरूचं दशरथ झालं
आणि दशरथाच्या डोक्यात काही निघालं नाही.

आता उंबऱ्याशी पाय चिकटतात.
अंगठा आणि बोट मात्र
नसलेल्या सुताला गाठी मारत राहतात.
झोप लागली की थांबतात.
मोठीमाय जागी राहून पाहते.

परवा सुलभीनं ओसरीभर खडूच्या रेघा ओढल्या,
बिल्लस खेळायला.
मोठेबाबा उठले,
एकेक रेघ ओलांडत
थेट आंगणात गेले.
कोंबड्या पांगल्या.

असं का, ते विचारायचं आहे.
पुढची तारीख अठरा.
तोवर सुलभी शाळेत जायच्या आधी
रोज रेघा ओढते.
काल खडू संपला,
मोठीमायनं चुलीतला कोळसा दिला.