शेजारचं पाल

म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेत
आमच्या खाज्यांच्या दुकानाला लागून
अकरा वर्षं पेमारामचंच पाल.
लाखेच्या बांगड्या, आरसे जडवलेल्या.
कापलेल्या भाताची खुंटं
दोघांच्याही तळव्यांना सारखीच टोचतात.

गिऱ्हाईक नसलं की तो त्याच्या जत्रेवर येतो.
तिलवाड्याला म्हणे नदीच्या पात्रातच बाजार भरतो,
नदी वाहत नाही, म्हणून.
उंटांचे केस कातरून अंगावर वेलबुट्टी काढतात,
म्हातारे फेटे सोडून पुन्हा बांधत बसतात, उगाच,
कुणीतरी बघावं म्हणून.
नदीचं नाव लुणी. म्हणजे खारी.
पण जत्रेच्या दिवसांत वाळू कोपरभर उकरली
तर गोडं पाणी लागतं,
असं तो आल्याचं खाजं चघळत सांगतो
आणि पैसे द्यायला विसरतो.

"यंदा जाणार?" मी विचारते.
"यंदा नक्की."
चैत्रात पुढच्या जत्रेचा माल भरायचा असतो,
हे मलाही ठाऊक.

पहाटे नाटकाचा पडदा पडला.
आकाशपाळणा रिकामाच दोन फेरे फिरून थांबला.
पेमारामनं पालाचा खांब उपटला,
तर खड्ड्यात पाणी.
खाडीचं, भरतीचं.
त्यानं बोट बुडवून जिभेला लावलं,
तोंड वाकडं केलं
आणि असा हसला
की पलीकडचा चणेवाला दचकून उठला.

मी लाडू बांधून दिले,
म्हटलं, तुझ्या नदीला.
दुपारी बसच्या पायरीवर उभा राहून
तो ते खात होता.