पाहुणा

चार दिवसांसाठी म्हणून आणला होता,
म्हणून नाव पडलं पाहुणा.
रमिलाबेन त्याला परोणो म्हणते.
दोन्ही हाकांना तो येतो.
तिसरीच कुठली मारलीत तरी येईल.

तीन वर्षं झाली.

विश्वामित्रीच्या पुलापलीकडे, टायरच्या गोदामामागे
आमची ही पत्र्याची शेड.
बावीस जाळ्या, एक नळ, मान अडकलेला टेबलफॅन,
आणि रविवारी वही लिहायला मी.
कोण आलं, काय बघितलं, का नेलं नाही.

मांजलपूरचे एक गृहस्थ आले, भांड्यांचं दुकान त्यांचं.
"भुंकतो का?"
नाही हो, म्हटलं, खोटं कशाला सांगू.
त्यांनी पाय आपटून बघितला.
पाहुण्यानं तोच पाय हुंगला,
शेपटीनं अख्खं अंग हलवलं
आणि जाळीतून जीभ काढून
त्यांच्या अंगठ्यावरची धूळ पुसून दिली.
"हा चोराला तिजोरी दाखवील," ते म्हणाले.
दाखवील ना.
वर चहाचं विचारील.

गोत्रीची नवी जोडी आली.
ती त्याच्यापुढे फतकल मारून बसली, साडीसकट,
आणि सासूबाईंनी फोनवरून विचारलं, जात कुठली?
वहीत त्या रकान्यात मी 'देशी' लिहिते.
खरं तर तो चोखंडीच्या एका सेव-उसळवाल्याचा.
त्याचाही नव्हे, गाडीचा.
गाडी बंद झाली, हा उरला.
समोर येऊन थांबलेला प्रत्येक माणूस आपला,
हे तो तिथेच शिकला,
आणि दुसरं काही शिकायची
त्याला कधी गरज वाटली नाही.

उत्तरायणाला मात्र शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसते.
मांजानं कापलेली कबुतरं, एक कांकणसर,
खोक्यातून, टॉवेलातून,
एकानं तर हेल्मेटातून आणली.
तीन दिवस पाहुण्याकडे कुणी बघितलं नाही.
तो बघत होता सगळ्यांकडे,
दर वेळी फटक वाजलं की उठून.

संध्याकाळी धैवत नावाचा मुलगा
शर्टात होला गुंडाळून आला. आठवीतला असेल.
डॉक्टर टाके घालत होते तोवर
तो जाळीला पाठ लावून बसला.
"दोर माझाच होता."
हे त्यानं आम्हाला नाही सांगितलं.
पाहुण्याला सांगितलं.
पाहुण्यानं जाळीतून नाक काढून
त्याची कापलेली बोटं
एकेक करून तपासली.

साडेसहाला होला गेला.

मुलगा तरी बसूनच राहिला, छतांवरचे आवाज थांबेपर्यंत.
मग उठला. सोसायटीत कुत्रं चालत नाही म्हणाला,
मी न विचारता.
"आवजो," रमिलाबेन म्हणाली.

माझ्या घरी दम्याचा माणूस आहे.
हे मी वहीत लिहीत नाही,
वही दुसऱ्यांच्या कारणांची आहे.
कुलूप लावण्याआधी जाळीशी वाकते,
येते हं, म्हणते.
आमच्यात निघताना जाते म्हणत नाहीत.
त्यांच्यात आवजो.
या अख्ख्या बडोद्यात निघणारं माणूस
जाण्याचं नाव काढत नाही,
तो शब्द आम्ही होल्यांसाठी राखून ठेवलाय.

आता त्याला कोण सांगणार
की ही नुसती बोलायची रीत आहे?
भांडीवाले म्हणून गेलेत, येतो.
गोत्रीची ती म्हणाली, रडत, येते.
धैवत दोनदा म्हणाला.
सगळे येणार आहेत.
एवढी माणसं यायची आहेत म्हटल्यावर
झोप तरी कशी लागावी!

स्कूटर सुरू करताना मागे वळून बघायचं नाही
असं मी ठरवलेलं असतं.
तो गोणपाटावर दोन गिरक्या घेतो,
फटकाकडे तोंड करून बसतो,
आणि जरा सरकून घेतो,
शेजारी एकाची जागा ठेवून.