नऊ मैल

चार मी मोजले होते.
पाचवा दिसलाच नाही, असं ठरवलं;
कारण पाचवा दिसला असता
तर काहीतरी बोलावं लागलं असतं,
आणि तळ्याकाठी त्या रात्री
सगळे इतके छान हसत होते.

ओजसने किल्ली हवेत उडवली
आणि पहिल्याच फेकीत झेलली.
आम्ही तेवढाच पुरावा मान्य केला.

तिथून स्टिलवॉटर नऊ मैल.
ओक्लाहोमाचा वारा नोव्हेंबरात
जीन्सच्या शिवणीतून आत येतो.
फोन चार टक्क्यांवर, उबरच्या नकाशात
एकही गाडी नाही; नुसतं एक वर्तुळ
माझ्याभोवती फुगतंय, विरतंय.
कोल्टन म्हणाला, तंबूत जागा आहे, झोपा इथेच.
पण सकाळी आठला लॅब होती,
आणि तंबूत कोण कोण होतं
हे आईला सांगायचं नव्हतं.
(गाडीचंही सांगायचं नव्हतं.
पण ते न सांगणं सोपं.)

"सोडतो ना मी," ओजस म्हणाला.

आता विचारताच आहात तर सांगते:
भरवसा नव्हता. भीड होती.
ऑगस्टात तुल्साच्या विमानतळावर हाच आला होता,
तेवीस-तेवीस किलोंच्या माझ्या दोन बॅगा
याच डिकीत यानेच चढवल्या,
पहिल्या आठवड्याचं दूध, तांदूळ,
कुणाची तरी जुनी गादी टपावर बांधून,
सगळं याच गाडीतून.
अशा माणसाला कसं म्हणायचं,
आण ती किल्ली इकडे?
आणि आणली असती, तरी
काय करणार होते मी तिचं?
मला गाडी येत नव्हती.

मधुजा बसली, म्हणून मी बसले.
मधुजा नंतर म्हणाली,
तू माझ्या मागे निघालीच होतीस की,
म्हणून मी बसले.

पट्टा मी लावला.
पण खटका हळू दाबला,
अंगठ्याखाली आवाज दडपून;
त्याला वाटायला नको
की मी घाबरलेय.

कडेची पांढरी रेघ कधी बाजूला, कधी आमच्या खाली.
हरणाचे दोन डोळे पेटले, विझले.
तो त्याच्या गाइडबद्दल बोलत होता
मागे वळून वळून,
आणि आम्ही भराभरा "हो ना, हो ना" म्हणत होतो,
म्हणजे तो पुन्हा पुढे बघेल.

मग स्टॉपची पाटी आली.
लाल, अष्टकोनी, एका खांबावर.
ओजस थांबला. थांबूनच राहिला.
अर्ध्या मिनिटाने मधुजाला कळलं:
ती हिरवी व्हायची वाट बघत होता तो.

केवढे हसलो आम्ही!
मी तर डोळे पुसले.
गाडी उभी होती, दार माझ्या हाताशी होतं,
डावीकडे पेट्रोलपंपावर दिवे होते,
आत जागा एक माणूस होता.
उतरायची तेवढीच एक वेळ आली,
आणि ती आम्ही हसण्यात घालवली.

पोचलो. सुखरूप.
यातलं सगळ्यात वाईट तेच झालं.

"कशी आलीस गं एवढ्या रात्री?" आईने विचारलं.
"सोडलं एकाने."
तिच्या सकाळी, माझ्या रात्री
हा शब्द किती बिनबोभाट सटकला.
हातही सोडतात. जीवही सोडतात.
मी घर म्हटलं, तिने घर ऐकलं.

एप्रिलमध्ये पुन्हा तळं, पुन्हा शेकोटी, पुन्हा ओजस.
किल्ली या वेळी खाली पडली;
कुणीतरी गवतातून उचलून
त्यालाच दिली.
वल्लरी, जानेवारीत जळगावहून आलेली,
दार उघडं धरून उभी राहिली,
त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत.
हळूच म्हणाली,
"हा... ठीक आहे ना गं?"

मी आधीच आत बसले होते,
मांडीवर उरलेल्या पुलावाचं भांडं.
अजून कोमट होतं.
म्हटलं, "अगं ये. नऊ मैल तर आहेत."

तिने पट्टा लावला.
मला आवाज आला नाही.