तीन आटे

रेवणसिद्धनं वेस्टगेटचा दांडा
तीन आटे आवळला होता. स्वतःच, कुणाला न विचारता.
म्हणाला, नळदुर्गाच्या चढाला गाडी रडूलालती की हो, मिस्त्री.

आता इंजिन उघडं पडलंय.
तिसऱ्या नंबरचा कनेक्टिंग रॉड मी काचेवर ठेवला
तर काच आणि रॉड यांच्या मधून
उजेडाची फट दिसली, नखाइतकी जाड.
तुटला नव्हता, वाकला होता.
तुटणारं लोखंड निदान ओरडतं तरी.

मे महिना. एमआयडीसीत पत्र्याखाली चव्वेचाळीस.
हवा चौथ्यांदा घुसळलेल्या ताकासारखी पातळ,
आणि तीच दाबून, आणखी तापवून
आपण इंजिनाला पाजायची.

"मोठा टर्बो बसवा," तो म्हणाला. "हा लहान पडूलालाय."

अरे, लहान पंखा लगेच फिरतो.
पायानं नुसतं सुचवलं की दाब हजर,
चौदाशेच्या आत, गाडी अजून कण्हत असताना.
पिस्टन सावकाश, डोक्यावर सगळा भार,
रॉडला निसटायला वेळच नाही.
याच लहानग्यानं वाकवलाय तो,
तुझ्या तीन आट्यांच्या जोरावर.
आणि वरच्या वेगाला हाच धापा टाकतो,
हवा थोडी देतो, उष्णता फार,
मागं धूर तुंबतो नि सायलेन्सरचा गळा लाल होतो.

मोठा उशिरा जागा होतो.
चढाच्या पायथ्याशी तू पाय दाबून बसशील,
काळा धूर तुझ्याच आरशात मावणार नाही,
मागचा टँकरवाला आईबाप काढील.
मग अठराशेच्या पुढं येतो तो,
एकदम, भरपूर, आणि पुरे म्हणत नाही.
तेव्हा हेडचे बोल्ट ताणतात,
गॅस्केट एका कोपऱ्यातून थुंकायला लागतं,
पिस्टनचा माथा मेणासारखा होतो.

आकारानं एवढंच ठरतं, बाबा:
कुठं मोडायचं, आणि किती वाजता.

तो जरा वेळ गप्प. मग,
"इंजिन सोसतं तरी किती?"

इतकं सरळ मला कुणी विचारलं नव्हतं.
कंपनीच्या पुस्तकात आकडा आहे,
पण तो वकिलाशेजारी बसून लिहिलेला.
खरा आकडा लोखंडाला ठाऊक
आणि ते एकदाच सांगतं.

नायना साखर पेठेत चादरीच्या मागावर होता.
ताण्याच्या बीमला वजन टांगायचा.
वजन वाढवलं की वीण घट्ट, मालक खूश.
एक वीट जास्त झाली की धागे जायचे,
आधी एक, मग शेजारचा,
खटक्याच्या आवाजात कुणाला ऐकूही न येता.
नायना ताण्यावर तळवा ठेवायचा
आणि एक वीट काढून घ्यायचा.
का काढली, विचारलं तर तेलुगूतही सांगता यायचं नाही त्याला,
मराठीत तर सोडाच.

माझ्याकडं तो तळवा नाही. गेज आहे.

शेवटी मधल्या मापाचा बसवला.
रॉड नवे, बोल्ट नवे, वेस्टगेटला लाखेचं सील.
गेजच्या काचेवर
बायकोच्या नेलपॉलिशनं लाल रेघ ओढली.
"याच्या पलीकडं गेला तर?"
"पलीकडं माझं नाव सांगू नको."
हसला. अर्धे पैसे दिले,
अर्ध्याच्या जागी शेंगाचटणीची पुडी ठेवली.

संध्याकाळी ट्रायलला अक्कलकोट रोडनं निघाला.
मी फाटकाशी, हातात ओला बोळा.
शिट्टी चढत गेली,
बारीक, मग त्याहून बारीक,
सूतगिरणीच्या भिंतीवरून एकदा परत आली.
रेघेच्या अलीकडं की पलीकडं, इथून कसं दिसणार?

बोळा कधी खाली पडला कळलं नाही.
फाटकाच्या लोखंडी खांबावर
माझा तळवा सपाट टेकलेला होता,
आणि खांब अजून
दुपारचा गरम होता.