एक घर पुढे

अंबडच्या कारखान्यात रात्रपाळी.
दोन याद्या: हजेरीची, पगाराची.

काल घाईत मी बरोबरच्या चिन्हाला
दोन्ही अंगांनी जागाच सोडली नव्हती,
तर शेलनं सगळंच खरं मानलं,
दोन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेला पोपट निकमसुद्धा.

आज जागा सोडली.
एकशे बारा जुळले.
सिंधू गांगुर्डे जुळेना.
तीच अक्षरं, डोक्यावर तोच रफार.
शेवटी कर्सर नेला ओळीच्या टोकाला,
तर तो आणखी एक घर पुढे जाऊन थांबला.

नावामागे रिकामी जागा.
चहा आला म्हणून
कुणाचा तरी अंगठा रेंगाळला असेल.

पुसली.

गेटवर पपया नर्सरीची रिक्षा भरत होती.
सिंधूताई आधीच आत,
डबा मांडीवर घेऊन
कुणासाठी तरी सरकत.