परिशिष्ट ड

अ, ब, क लिहून झाली. ड उरलंय:
कंपायलरच्या मर्यादा.
म्हणजे आपल्याला काय झेपत नाही
ते आपल्याच तोंडानं, तक्ता आखून.

नावाची लांबी, दोनशे अक्षरं.
फंक्शनच्या हाती द्यायच्या वस्तू, दोनशे पंचावन्न.
ह्या आकड्यांना विचारावं लागत नाही,
आठ बिटांच्या घरातले,
चेहरेपट्टीवरून कळतात.

पण कंसात कंस, त्यात कंस, त्यात:
एकशे एकोणीस.
एकशे विसावा उघडला
की कंपायलर एक सभ्य वाक्य बोलतो,
ओळीचा नंबर देतो
आणि काम खाली ठेवतो.
एकशे एकोणीसच का?
सतराच्या पाढ्यात सातव्या पायरीवर सापडतो,
एवढीच त्याची ओळख.
त्या ओळीशेजारी टिप्पणी, तीस वर्षांपूर्वीची:
हात लावू नये. हे. पा.

कारेल म्हणाला, कशाला हसं करून घ्यायचं,
लिही, मर्यादा नाही, मेमरी असेल तितके.
घ्या हो, हवं तेवढं घ्या, म्हणणारे दुकानदार
मला लहानपणापासून आवडत नाहीत.

तार्तूहून मुस्तवेची बस, फेब्रुवारीतला शनिवार.
हेल्दुर पायुला घरी नव्हते.
बायकोनं खिडकीतून बोट दाखवलं:
तळ्यावर एक ठिपका, वाकलेला.

गिरमिट फिरवत होते.
भोक पडलं, पाणी काळं वर आलं,
खुणा कोरलेली काठी आत, काठी बाहेर.
शेजारी ऐटबाजाची एक फांदी रोवली
आणि दहा पावलं पुढे.
मी बर्फावरच विचारलं. वही काढली, शाई गोठलेली.

हं, एकशे एकोणीस, म्हणाले.
तळघरात एकच मशीन होतं तेव्हा.
एकेक कंस वाढवत नेला, दुपारभर.
एकशे विसाव्याला ते मेलं.
परत सुरू करायला मंगळवार उजाडला.

पण आता मशीन्स बदलली, मी म्हटलं.

बदलली की.
मग पुढे कोण जाऊन आलं?

एवढ्यात खिशात फोन वाजला. कुणी विचारत होतं,
गाडी आणू का आत?
पायुला म्हणाले, शेवटच्या फांदीपर्यंत चोवीस सेंटिमीटर.
त्यापुढचं मला माहीत नाही.
पातळ आहे म्हणाले नाहीत. जाड आहे म्हणाले नाहीत.
फोन ठेवला, नाक पुसलं, गिरमिट उचललं.

निघताना कांद्यांची एक माळ गळ्यात घातली माझ्या,
सत्कार केल्यासारखी.
बसभर वास.

रात्री ऑफिसात मी हात लावला.
आकडा काढून टाकला त्या ओळीतला,
कंस ओतत गेले.
एकशे वीस, चालला.
पाचशे, चालला.
तीन हजारांना वाटलं, कारेलचंच खरं.
तीन हजार चारशे अकराला
पडदा काळा.
वाक्य नाही, ओळ नाही, नंबर नाही.
जिथे होतं तिथे
पाणी.

मी खुर्चीत मागे सरकले, खरोखर सरकले, पाय वर घेऊन.

मग त्यांचा आकडा जागेवर ठेवला
आणि तक्त्यात लिहिलं:
कंसांची खोली, एकशे एकोणीस.
इथवर जाऊन आलेलं माणूस आहे.

दुसरं वाक्य कारेल खोडणार.
शैलीत बसत नाही म्हणेल, आणि त्याचंही बरोबर.
म्हणून टिप्पणीखाली, त्यांच्या अक्षरांना लागून,
मी माझी दोन अक्षरं जोडली, तारीख घातली,
आणि माळेतला एक कांदा सोडवून
सोललाच तिथे, दिव्याखाली,
पापुद्र्यात पापुद्रा,
मोजला नाही.