खर्चाचा रकाना

स्मरणिकेसाठी क्लबचा इतिहास लिहून द्या, म्हणाले,
दोन पानं, पंधरा तारखेच्या आत.
म्हटलं, लिहिणारे पोट्टे संपले काय बे गावातले?
मी तर चुना मारणारा माणूस.
तरी पेटी उघडली.
डांबराच्या गोळ्या, एक फुटकी शिट्टी,
आणि तीन वह्या, लाल कापडाच्या पाठीच्या.

तरुण तारा फुटबॉल क्लब, गड्डीगोदाम.
स्थापना एकोणीसशे चौतीस. की पस्तीस.
पहिलं पान माझ्याआधी वाळवीनं वाचलं.

डावीकडे सामने:
हरलो. हरलो. बरोबरी.
कामठीवाल्यांनी पाच मारले. हरलो.
उजवीकडे खर्च.
मला उजवीकडचंच नीट वाचता येतं.

ब्लॅडर एक.
चेंडूला टाके, अंताराम मोची, सहा आणे.
लिंबं, मीठ. बर्फ मिळाला नाही.
गोलकीपर सॅम्युअल साळवे यांस चष्मा, वर्गणीतून.
(आता कळलं ते पाच कुठून आले.)
वेंकटस्वामीची तार आली, त्याला काझीपेठचं गाडीभाडं.
चुना दोन पायल्या, लटारी.
चुना दोन पायल्या, लटारी.
चुना, लटारी, उधार.

लटारी म्हणजे माझा बाप.
एकाही फोटोत नाही.
फोटोवाल्याच्या डोक्यावर छत्री धरून उभा असायचा,
मे महिन्याचं ऊन, पेटीचा कॅमेरा, अकरा जण छाती फुगवून.
एका फोटोत मात्र खाली, डाव्या कोपऱ्यात,
मातीवर एक गोल सावली आली आहे.
ती आमची.

छप्पन साल, ऑक्टोबरातला रविवार.
सामना झाला नाही. नऊ खेळाडू गैरहजर.
कारण या जागी एकच शब्द: दीक्षा.
आणि उजवीकडे, त्याच शाईत:
पांढऱ्या जर्स्या नऊ, उसन्या दिल्या.
खाली दोन दिवसांनी: परत आल्या नऊ. धुतलेल्या. इस्त्रीच्या.
पुढच्या रविवारी डावीकडे: जिंकलो, दोन शून्य.
मी त्याचा काही अर्थ लावत नाही.
बाप लावायचा, दर वर्षी, डोळे पुसत.

मग मिलचा भोंगा थांबला
आणि वहीतले आकडे बारीक झाले.
वर्गणी: सव्वाशे रुपये, एक कट्टा ज्वारी.
बूट: मागच्या वर्षीचेच.
एका पानावर तर फक्त
चहा. चहा. चहा.
कोण आलं, कोण खेळलं, काही नाही.
पण कोणीतरी आलं होतं, एवढं त्यावरून कळतं.

सेक्रेटरी ढेंगरे परवा घरी आले.
माझं पान वाचलं, उलटून पाहिलं, मागं कोरं.
म्हणाले, भाऊ, यात कप कुठं आहेत?
म्हटलं, आहे ना एक, अडुसष्टचा, उपविजेता.
मी त्यात चुना कालवतो.
ते हसले नाहीत.

सकाळी पाचला मैदानावर गेलो.
सहानंतर ऊन चावतं आणि ओल्या हाताला चुनाही.
आफरीन आधीच आलेली, हातमोजे दातांनी ओढत.
गोलपोस्टपासून सुतळी बांधली,
बापानं बांधायचा तशीच, दोन गाठी, एक फास.
वाकून निघालो.
पूर्वेच्या कोपऱ्यात आता मेट्रोचा खांब आहे.
नकाशावर मैदान वाचलं म्हणतात; वाचलं, तेवढा कोपरा सोडून.
कॉर्नर आम्ही खांबाच्या अलीकडून मारतो,
रेफरी चालवून घेतात.
रेष खांबापाशी येते, थांबते.
मी उठतो, कंबर सरळ करतो, वळसा घालतो,
पलीकडून पुन्हा सुरू करतो, सुतळीच्या अंदाजानं.
मधले चार फूट सिमेंटच्या पोटात आहेत.
तेही मोजतो.

घरी येऊन वहीत, उजवीकडे:
चुना दीड पायली.
खांबामुळे वाचला, पसाभर.